तवक्कुल आणि परगावची इंटर्नशिप

मार्च महिना लागला की जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर एक प्रश्न दरवर्षी ऐकू येतो. विचारणारे बदलतात, प्रश्न मात्र तोच राहतो. मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे किंवा मुलगी औषधनिर्माणशास्त्र शिकते आहे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दीड-दोन महिने पुण्यात, मुंबईत, नाहीतर थेट बंगळूरला जाऊन इंटर्नशिप करायची आहे. पूर्वी ही हौशी विद्यार्थ्यांची गोष्ट होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ती अनेक अभ्यासक्रमांचाच भाग होत चालली असून तिच्यावर श्रेयांक अवलंबून असतात. घरातले मूल प्रथमच घराबाहेर राहणार असते. अशा वेळी वडील विचारतात, "मौलाना, आम्ही अल्लाहवर भरवसा ठेवला आहे. मग दहा कंपन्यांना अर्ज पाठवणे, ओळखीपाळखीच्या माणसांना फोन करणे, खोलीसाठी वणवण करणे, हे तवक्कुलच्या विरुद्ध तर होत नाही ना?" आणि त्याच पायऱ्यांवर, वडील चार पावले पुढे गेले की मुलगा हळूच उलटा प्रश्न टाकतो, "सगळे मलाच करायचे आहे, तर मग तवक्कुल उरले कुठे?"

वाचकहो, वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आपण सहसा देत नाही, आणि अवघड प्रश्न तोच आहे.

वडिलांचे उत्तर आधी पाहू. इमाम तिर्मिजी यांनी हजरत अनस (र.) यांच्याकडून नोंदवलेली हदीस घराघरांत सांगितली जाते. उंट बांधून तवक्कुल करू की मोकळा सोडून, असे एकाने विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला आधी उंट बांधायला आणि मग तवक्कुल करायला सांगितले. तितकीच महत्त्वाची पण कमी सांगितली जाणारी गोष्ट यमनच्या यात्रेकरूंची आहे. हजरत इब्ने अब्बास (र.) सांगतात की, यमनचे काही लोक शिदोरी न घेताच हजला निघत, आपण तवक्कुल करणारे आहोत असे म्हणत आणि मक्केत पोहोचले की लोकांपुढे हात पसरत. सूरह बकराच्या १९७ व्या आयतीत प्रवासाची शिदोरी बरोबर घेण्याची आज्ञा आहे ती या संदर्भात. सर्वोत्तम शिदोरी तकवा होय, हेही तिथेच सांगितले आहे; पण म्हणून भाकरीची शिदोरी रद्द केलेली नाही. या यात्रेकरूंच्या तवक्कुलचा भार शेवटी दुसऱ्यांवर पडत होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. राहण्याची काहीच सोय न पाहता मुलाला मुंबईच्या गाडीत बसवून देणारे आपलेच काही बांधव आठवून पाहा. कुर्ल्यातल्या किंवा मुंब्र्यातल्या दूरच्या नातेवाइकाच्या एका खोलीत आधीच सहा माणसे झोपत असतात, तिथे हा सातवा जाऊन पडतो. वडील गावात सांगतात, अल्लाहने सोय केली. सोय अल्लाहनेच केली, हे खरे. पण त्या गृहिणीला दोन महिने काय सोसावे लागले, हे विचारायला कोणी जात नाही.

आपल्या मराठीत 'असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी' अशी म्हण आहे. ती उपरोधाची म्हण आहे, उपदेशाची नव्हे, हे मराठी शिकताना मला उमगले आणि बरे वाटले. खाटेवर पडून राहण्याला श्रद्धा म्हणण्याचा मोह आपल्या शेजाऱ्यांनाही होतो आणि त्यांच्या शहाण्या माणसांनाही त्याचे हसू येते.

आता हिजरतचा प्रवास पाहा. इ.स. ६२२. ज्यांच्यापेक्षा अधिक तवक्कुल कोणाचे असू शकत नाही, त्या प्रेषितांचा हा प्रवास आहे. हजरत अबू बक्र (र.) यांनी दोन उंटिणी कित्येक महिने आधीपासून चारा घालून तयार ठेवल्या होत्या. वाट दाखवण्यासाठी अब्दुल्लाह बिन उरैकित या जाणकार वाटाड्याला मजुरी ठरवून घेतले होते. तो त्या वेळी मुस्लिम नव्हता, परंतु त्याच्या कामावर आणि शब्दावर भरवसा होता. मदीना मक्केच्या उत्तरेला, आणि हे दोघे आधी गेले दक्षिणेला, सौर नावाच्या डोंगरातल्या गुहेकडे. तिथे तीन रात्री मुक्काम. अबू बक्र (र.) यांचे पुत्र अब्दुल्लाह दिवसभर मक्केत राहून लोकांचे बेत ऐकत आणि रात्री येऊन सांगत. आमिर बिन फुहैरा (र.) शेळ्या-मेंढ्या त्या बाजूला वळवत, म्हणजे दुधाची सोय होई. हजरत अस्मा (र.) यांनी कमरेचा पट्टा फाडून शिदोरी बांधून दिली. लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी हजरत अली (र.) यांना मागे ठेवले. वाहन, वाटाड्या, मार्ग, मुक्काम, बातमी, अन्न, मागची देणी, यातली एकही गोष्ट सुटलेली नाही. पुण्याला दोन महिन्यांसाठी निघालेल्या विद्यार्थ्याने यादी करायची म्हटली तरी ती याहून फार वेगळी होणार नाही.

एवढे करूनही पाठलाग करणारे गुहेच्या तोंडाशी येऊन उभे राहिलेच. अबू बक्र (र.) यांना प्रेषितांच्या जिवाची धास्ती वाटली, आणि प्रेषितांनी (स.) त्यांना दुःख न करण्यास, अल्लाह आपल्यासोबत असल्याचे सांगितले. सूरह तौबाच्या ४० व्या आयतीत हा प्रसंग आहे.

यावरून पुष्कळ वक्ते असा निष्कर्ष काढतात की, तदबीर जिथे संपते तिथून तवक्कुल सुरू होते. ऐकायला हे छान वाटते. मला ते पटत नाही. असे मानले तर अर्ज लिहिणे, तिकीट काढणे, मुलाखत देणे हा सगळा प्रांत आपला, आणि आपल्या हातून जे निसटेल तेवढेच अल्लाहचे, अशी वाटणी होते. मग ज्याची तदबीर जितकी चोख, त्याला तवक्कुलची गरज तितकी कमी. श्रीमंत बापाच्या, मोठ्या शहरातल्या, इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या मुलाला तर ती जवळजवळ उरतच नाही. हा विचार ईमानच्या मुळाशीच घाव घालतो, कारण त्यात अल्लाहला उरलेसुरले सांभाळणारा ठरवले जाते. मुलाचा प्रश्न नेमका इथे बोट ठेवतो. त्याला 'बेटा, आधी उंट बांध' एवढेच सांगून वाटेला लावणे म्हणजे त्याने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे होय.

इमाम गजाली (निधन हिजरी ५०५, इ.स. ११११) यांनी 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात तवक्कुलवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. तिथला एक दाखला मराठी वाचकाला चटकन भिडावा असा आहे, कारण त्यातला मुख्य शब्द आपल्या रोजच्या भाषेतला आहे. 'तवक्कुल' आणि 'वकील' हे एकाच धातूपासून आलेले शब्द आहेत. पेशवाईत हा शब्द दरबारातल्या प्रतिनिधीसाठी वापरत. आज आपण कोर्टात ज्याच्या नावे वकीलपत्र देतो तो वकील. ज्याच्या हाती आपले प्रकरण विश्वासाने सोपवायचे तो वकील, आणि असे सोपवणे म्हणजे तवक्कुल. गजालींच्या म्हणण्याचा आशय असा : पक्षकाराने आपला दावा वकिलावर पूर्णपणे सोपवला आहे; पण या वकिलाची रीत अशी आहे की तो कागदपत्रे समोर असल्याशिवाय युक्तिवाद करत नाही, आणि ही रीत पक्षकाराला ठाऊक आहे. तर मग घरातून कागदपत्रे आणून देणे हा वकिलावरचा अविश्वास नव्हे. विश्वास पुरा करण्याचीच ती रीत आहे. कागद घरी ठेवून 'माझा तुमच्यावर भरवसा आहे' असे म्हणत बसणारा पक्षकार वकिलाचे ऐकत नसतो, एवढेच त्यातून सिद्ध होते.

अल्लाहची या सृष्टीतली रीत साधनांमधून देण्याची आहे. पेरल्यावर उगवते, पाणी प्याल्यावर तहान भागते. उगवणे पेरण्याच्या अंगी नाही आणि तहान भागवणे पाण्याच्या स्वतःच्या सामर्थ्यात नाही. तरीही पेरायचे आणि प्यायचे, कारण देणाऱ्याने ही वाट ठरवली आहे. तुझा बायोडेटा, तुझे गुणपत्रक, तुझा अर्ज हे ते कागद. ते नीट लावून, तारखेच्या आत दे. पण निकाल कागद देत नसतात.

म्हणून तवक्कुल हा कामाचा एखादा हिस्सा नव्हे. ऐंशी टक्के माझे आणि वीस टक्के अल्लाहचे, असा हिशेब इथे चालत नाही. हात सगळेच्या सगळे काम करतात आणि मन त्यातल्या एकाही कामावर टेकत नाही. मन कशावर टेकले आहे ते एरवी दिसत नाही. टेकू सरकला की दिसते.

'मिळायची असेल तर मिळेलच, नशिबात लिहिलेले आहे' असे म्हणून मुलाखतीची तयारी टाळणाऱ्यांसाठी हजरत उमर (र.) यांचा एक प्रसंग पुरेसा आहे. ते शामकडे जात असताना सर्ग या ठिकाणी त्यांना कळले की पुढे साथ पसरली आहे. सल्लामसलत करून त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (र.) यांनी विचारले की, आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळता आहात काय? उमर (र.) यांचे उत्तर असे होते की, आपण अल्लाहच्या एका तकदीरपासून निघून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. त्यांनी उपमाही दिली : दरीच्या एका अंगाला हिरवळ असेल आणि दुसऱ्या अंगाला उजाड रान, तर उंट हिरवळीवर चारला तरी ते अल्लाहच्या तकदीरनेच आणि उजाडावर चारला तरी त्याच्याच तकदीरने. तयारी करणारा विद्यार्थी तकदीरच्या बाहेर जात नाही आणि न करणाराही जात नाही. मग उजाड बाजू का निवडायची?

इथे इस्तिखाराबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण त्याबाबत घरोघरी गैरसमज आहेत. हजरत जाबिर (र.) सांगतात की, प्रेषित (स.) कुरआनची सूरह शिकवावी तशा काळजीने सर्व कामांसाठी इस्तिखारा शिकवत. दोन रकात नफ्ल नमाज आणि त्यानंतर दुआ. हे काम माझ्या दीनसाठी, उपजीविकेसाठी आणि परिणामाच्या दृष्टीने हिताचे असेल तर ते माझ्यासाठी ठरव आणि सोपे कर; अहिताचे असेल तर ते माझ्यापासून आणि मला त्याच्यापासून दूर कर, आणि जिथे हित असेल तिथे मला समाधान दे, असा तिचा आशय आहे. या हदीसमध्ये स्वप्नाचा उल्लेखच नाही. तरीही हिरवा रंग दिसला की पांढरा, याची चर्चा करत लोक बसतात आणि कंपनीला होकार कळवण्याची मुदत उलटून जाते. शिवाय इस्तिखारा करायचा तो काही करण्याचे मनात आले असताना. ज्याने एकही अर्ज केलेला नाही, त्याने कोणत्या कामाबद्दल हित-अहित विचारायचे?

विद्यार्थ्यांनी हजरत मूसा (अ.) यांची मदयनमधली हकिकत पुन्हा वाचावी, असे मी नेहमी सांगतो. सूरह कससमध्ये २२ ते २८ या आयतींत ती आहे. परका मुलुख, ओळखीचे कोणी नाही, राहायला जागा नाही. विहिरीपाशी दोन मुली आपली जनावरे अडवून थांबलेल्या दिसल्या. मूसा (अ.) यांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले, कसलाही मोबदला न मागता. मग सावलीत जाऊन बसले आणि दुआ केली की, हे पालनकर्त्या, तू जे काही भले माझ्याकडे पाठवशील त्याची मला गरज आहे. दुआ सावलीतली आहे, पण ती काम झाल्यानंतरची आहे. थोड्याच वेळात त्या मुलींपैकी एक लाजत चालत आली आणि वडिलांनी बोलावल्याचा निरोप दिला. पुढे कामावर ठेवण्याची गोष्ट निघाली तेव्हा मुलीने वडिलांना सांगितले की, कामावर ठेवण्यास योग्य माणूस तो, जो बलवान आणि विश्वासू असतो. चौदाशे वर्षे हे दोन गुण तिथे नोंदलेले आहेत. आजच्या मुलाखतीतही शेवटी हेच दोन शोधतात.

मग करार ठरला. आठ वर्षे काम. दहा केलीस तर तुझी मर्जी. मालकाने सांगितले की तुझ्यावर कष्ट लादण्याची माझी इच्छा नाही. मूसा (अ.) यांनी अटी स्पष्टपणे पुन्हा उच्चारल्या आणि आपल्या बोलण्यावर अल्लाह साक्षी आहे असे म्हटले. म्हणजे अल्लाहला साक्षी ठेवले ते अटी ठरवून, संदिग्ध सोडून नव्हे. आपल्याकडे मुले विद्यावेतन किती, कामाचे तास किती, हे विचारायला संकोचतात आणि त्या संकोचाला सबुरी म्हणतात. जुम्याच्या नमाजसाठी वेळ मिळेल का, हे तर विचारतच नाहीत. मग पहिला जुमा आला की कोपऱ्यात उभे राहून घड्याळाकडे बघतात. अलीकडे बकरी ईदही याच सुट्टीत येते. २०२४ मध्ये ती १७ जूनला होती, २०२५ मध्ये ७ जूनला. त्या दिवसाच्या रजेबद्दल रुजू होतानाच सौजन्याने सांगून ठेवावे. बहुतेक ठिकाणी नम्रपणे आणि वेळेवर विचारलेले नाकारत नाहीत. आणि एखाद्या ठिकाणी नाकारलेच, तर ते आधी कळलेले बरे.

आता मन कशावर टेकले आहे हे जिथे उघड होते, त्या जागेकडे येतो. अनेक महाविद्यालयांच्या आवारात हे उघड गुपित असते की, काही पैसे भरले की एक दिवसही काम न करता इंटर्नशिपचे प्रमाणपत्र मिळते. दहा अर्जांना नकार आलेला असतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे उत्तरच आलेले नसते. जून तोंडावर असतो. मित्र सांगतो, एवढे पैसे टाक, सगळे असेच करतात. मुलगा पाच वेळा नमाज पढणारा असतो, तहज्जुदमध्ये रडून दुआ केलेली असते. आणि तरी तो पैसे टाकतो. का? कारण त्याच्या मनाने खोलवर ठरवलेले असते की, या कागदाशिवाय आपली रोजी अडेल. उंट बांधण्याचा प्रश्न कधीच मागे पडलेला असतो. आता प्रश्न हा असतो की रोजी कोणाच्या हाती आहे. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या प्रेषितांनी (स.) फसवणूक करणाऱ्याला आपल्यापासून वेगळे ठरवले आहे. खोटे प्रमाणपत्र हा वरून कोरडा, आतून ओला असाच ढीग आहे. न केलेले प्रकल्प बायोडेटात लिहिणे त्याच जातीचे. अशा वेळी महाविद्यालयातल्या शिक्षकांकडे जाऊन 'मला जागा मिळाली नाही, दुसरा मार्ग सांगा' असे म्हणणे, जवळच्या एखाद्या लहान कारखान्यात किंवा दुकानात खरे काम मागणे, प्रसंगी एक सत्र मागे पडणे पत्करणे, हे तवक्कुल आहे. ते महाग पडते. स्वस्त असते तर त्याचे एवढे मोल कशाला असते?

ओळखीच्या माणसाकडून शिफारस घेणे मात्र यात येत नाही. सूरह निसाच्या ८५ व्या आयतीत चांगली शिफारस करणाऱ्याला त्या चांगुलपणाचा वाटा सांगितला आहे. शिफारस खरी असावी आणि तिच्यामुळे दुसऱ्या लायक मुलाचा हक्क मारला जाऊ नये, एवढे पाहावे. उलट, काम देण्याआधी नोंदणी किंवा अनामत म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे. तिथे 'अल्लाह मालिक आहे' म्हणत पैसे भरणे म्हणजे उंट मोकळा सोडणे.

वाचकहो, एवढे सगळे केले, सचोटीने केले, दुआ केल्या, तर इच्छित तेच घडेल काय? इथे आपण वक्ते मंडळी बऱ्याचदा लोकांना चुकीची आशा लावतो. जो अल्लाहवर तवक्कुल करतो त्याला अल्लाह पुरेसा आहे, हे आश्वासन प्रत्येकाला ठाऊक आहे. ते दुकानांत चौकटीत लावलेले असते. पण ते कुठे आले आहे, हे किती जण पाहतात? ते सूरह तलाकच्या तिसऱ्या आयतीत आहे. घर मोडत असलेल्या स्त्री-पुरुषांना, इद्दत मोजणाऱ्यांना उद्देशून ते सांगितले गेले. म्हणजे ज्यांचे हवे ते आधीच घडायचे राहिले आहे, त्यांना. 'पुरेसा आहे' याचा अर्थ 'मागाल ते देईल' असा असता, तर त्या जागी ते शब्द विचित्र ठरले असते. उहुदच्या लढाईत प्रेषितांनी (स.) एकावर एक दोन चिलखते घातली होती. तदबीर दुहेरी होती आणि तवक्कुलबद्दल तर बोलायलाच नको. तरीही त्या दिवशी त्यांचा दात शहीद झाला, चेहरा रक्तबंबाळ झाला आणि सत्तरच्या आसपास सोबती कामी आले. चिलखत व्यर्थ होते, असे कोणी म्हणाले नाही. तवक्कुल उणे पडले, असे म्हणण्याची तर कोणाची छाती नाही.

हजरत याकूब (अ.) यांची गोष्ट तर मला प्रत्येक बापाने वाचावी अशी वाटते. एक मुलगा, यूसुफ (अ.), आधीच हरवलेला. आता धान्यासाठी धाकट्यालाही भावांबरोबर मिसरला पाठवायचे. त्यांनी आधी स्पष्ट बोलून दाखवले की मागच्या वेळी तुमच्यावर विश्वास टाकला होता त्याचे काय झाले. आणि लगेच म्हटले की, राखणारा अल्लाहच सर्वोत्तम. मग मुलांकडून शपथ घेतली की त्याला परत आणाल. पण त्या शपथेतच एक फट ठेवली : तुम्ही सगळे चहूकडून घेरले गेलात तर गोष्ट वेगळी. निघताना सांगितले, एकाच दरवाजाने नगरात शिरू नका, वेगवेगळ्या दरवाजांनी जा. आणि त्याच श्वासात सांगितले की, अल्लाहच्या निर्णयापुढे मी तुमच्या काही कामी येऊ शकत नाही. मुले सांगितल्याप्रमाणे गेली. आणि धाकटा मागे राहिलाच. एवढी काळजी घेऊन जे टाळायचे होते तेच झाले. आता सूरह यूसुफची ६८ वी आयत पाहा. त्या सूचनेने अल्लाहचा निर्णय टळणार नव्हता, असे ती सांगते, ती याकूब (अ.) यांच्या मनाची एक गरज होती, ती त्यांनी पुरी केली, आणि लगेच त्यांच्या ज्ञानाची वाखाणणी करते. बापाच्या मनाची गरज! मुलाच्या बॅगेत चौथ्यांदा औषधांची पुडी आहे का पाहणे, घरमालकाचा नंबर दोन ठिकाणी लिहून ठेवणे, गाडी सुटल्यावरही फलाटावर उभे राहणे, यातले किती खरोखर कामी येते आणि किती आपल्या मनाची गरज असते? कुरआन त्या गरजेला हसत नाही. फक्त तिला निर्णयाच्या जागी बसू देत नाही.

आईबद्दल बोलायचे तर हजरत मूसा (अ.) यांच्या मातोश्रींची आठवण होते. मूल नदीत सोडायची आज्ञा झाली आणि ते परत मिळेल असे वचनही मिळाले. अल्लाहचे वचन हाती असूनही त्या आईचे काळीज रिते झाले, असे कुरआन सांगते. मन घट्ट केले नसते तर तिने सारे उघड केले असते. आणि मग ती मुलीला म्हणाली, त्याच्या मागावर जा. वचनावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. बहीण दुरून, कोणाला कळू न देता पाहत राहिली. रोज तासातासाला व्हिडिओ कॉल करून 'कुठे आहेस, कोणाबरोबर आहेस' विचारणाऱ्या मातांनी हे 'दुरून' लक्षात घ्यावे, अशी माझी नम्र विनंती आहे. त्या शहरात ओळखीचे एखादे दीनदार कुटुंब असावे, आठवड्यातून एकदा मुलाने तिथे जेवायला जावे, एवढी नजर पुष्कळ झाली.

मुलींच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. महरमशिवाय स्त्रीने दूरचा प्रवास करू नये, अशा हदीसी आहेत. हनफी फुकहांनी त्या काटेकोरपणे घेतल्या. शाफई आणि मालिकी परंपरेत फर्ज हजसाठी विश्वासू स्त्रियांच्या सोबतीची मुभा दिली गेली आणि आजचे काही आलिम सुरक्षित प्रवासाला तीच मुभा लागू करतात. निर्णय आपापल्या मसलकच्या जाणकार मुफ्तींना विचारूनच घ्यावा. पण विचारावा, एवढे माझे म्हणणे आहे. बाप किंवा भाऊ सोडायला जाऊ शकतो, मावशीच्या घरी राहता येते, काही विषयांत आपल्याच जिल्ह्यात तितकेच चांगले काम मिळते. या वाटा न तपासताच 'नाही' म्हणायचे, आणि खरे कारण 'लोक काय म्हणतील' हे असताना नाव शरियतचे सांगायचे, हे बरे नव्हे. शिवाय मुलगा कोणाबरोबर राहतो, काय पाहतो, फजर पढतो की नाही, याची विचारपूसही न करणाऱ्या घराला केवळ मुलीच्या वेळी दीन आठवावा, याचे आश्चर्य वाटते. अमानत दोघेही आहेत.

निघण्याच्या दिवसाबद्दल थोडे. प्रेषित (स.) प्रवासाला निघणाऱ्याला निरोप देताना त्याचा दीन, त्याची अमानत आणि त्याच्या कर्मांचा शेवट अल्लाहच्या स्वाधीन करीत. सामानाचा उल्लेख त्यात नाही, पण दीनचा आहे. आणि परगावी पहिल्यांदा ढिला पडतो तो दीनच. ही दुआ आई-वडिलांनी पाठ करून दारातच म्हणावी. निघणाऱ्याने मित्रांची उसनवारी चुकती करावी, ग्रंथालयाची पुस्तके परत करावीत, ठेवी परत करण्यासाठी मागे राहिलेल्या अली (र.) यांची आठवण ठेवली तर यासाठी वेगळे सांगावे लागणार नाही.

नमाजचा मसला विचारला जातो म्हणून शेवटी तोही सांगून ठेवतो. गाव सोडल्यावर, अंतर सफरच्या मर्यादेचे असेल तर, वाटेत चार रकातींच्या फर्ज नमाजची कसर होते. पण एकाच शहरात दोन महिने राहण्याचा इरादा असेल तर तिथे पोहोचल्यापासून पूर्ण नमाज पढायची. हनफी मसलकमध्ये पंधरा दिवस किंवा अधिक मुक्कामाची नीयत असली की माणूस मुकीम ठरतो. आपल्या कोकणातले बांधव शाफई आहेत, त्यांच्याकडे येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवसांच्या नीयतीनेच तो मुकीम होतो. रेल्वेत जुहर आणि असर एकत्र करण्याची सवलत शाफई विद्यार्थ्याला आहे, हनफी विद्यार्थ्याने दोन्ही आपापल्या वेळेत पढाव्यात. खोली घेताना जवळची मशीद कुठे आहे हे भाड्याच्या रकमेबरोबरच विचारून घ्यावे.